उष्णतेवरचं औषध

निगेटिव्ह डेस्कच्या काचेवर ठेवली, खालचा दिवा लावला, आणि अनुपमाला आधी दिसली ती शकूआत्या. स्वतःचा चेहरा तिला मागाहून ओळखू आला. मरून एक तप उलटलेली बाई बोरिवलीतल्या फोटो स्टुडिओच्या पोटमाळ्यावर काचेवर येऊन पडेल, याला काही अर्थ? निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. केस पांढरे, बुबुळं पांढरी, गोरी माणसं काळी ठिक्कर. ती पोट भरत होती ते याच उलट्या माणसांवर. लग्नासाठी फोटो काढून घेणाऱ्या मुलींच्या निगेटिव्हवर वार्निशचा पातळ हात फिरवायचा, पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचं आणि गालावरचे काचेसारखे आरपार ठिपके एकेक करून भरायचे. इथला ठिपका भरला की फोटोतली पुटकुळी गेली. कांदिवलीपासून दहिसरपर्यंतच्या कितीतरी मुली तिच्या हाताखालून नितळ होऊन बोहल्यावर चढल्या होत्या. पुढे नवऱ्यांनी काय म्हटलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक. आज मात्र काचेवर तिचीच निगेटिव्ह होती. आईने महिनाभर टुमणं लावल्यावर काल स्टुडिओतच, दुपारी गिऱ्हाईक नसताना, मालक चंद्रप्रकाशजींनी काढलेली. "तुझं तूच कर बाबा," ते म्हणाले होते, "तुझ्यासारखा हात इथं दुसऱ्या कोणाचा आहे? एकदम झकास करून टाक." आणि ती पेन्सिल हातात धरून बसली होती. गालांवर, हनुवटीच्या कडेने, जबड्याखाली ठिपकेच ठिपके. केस पांढरे झाल्यामुळे चेहरा एकदम वयस्कर, आजारी. आणि गळ्याशी, मागून पुढे येणारा, एक फिकट पट्टा. फोटोत तो पट्टा काळा उमटणार होता. हा पट्टा तिने पूर्वी पाहिला होता, पण स्वतःच्या मानेवर नव्हे. आरशात आपली मान कोण बघतं?

शकूआत्या म्हणजे तिच्या वडिलांची, गुणाजींची, धाकटी बहीण. गिरणी चालू होती आणि खोली परळला होती तेव्हाची गोष्ट. पाळी येत नाही, मूल होत नाही म्हणून नवऱ्याने तिला कोकणातून थेट भावाच्या दारात आणून सोडलं, आणि चहासुद्धा न घेता तो गेला. दुसऱ्या कुठल्या घरात अशा नणंदेला भावजयीने पदोपदी पाण्यात पाहिलं असतं. रुक्मिणीने तसं केलं नाही. अनुपमाची आई तिखट जिभेची, पण शकूवर तिने जीव टाकला. दोघी एका ताटात जेवायच्या, एकमेकींची लुगडी नेसायच्या, गुणाजी कामावर गेले की त्यांच्याच नकला करून लोळायच्या. शकूआत्या हसायची तेव्हा तोंडावर हात धरायची. दात चांगले होते, झाकायचे ते गाल. तिशी जवळ आली तरी तिच्या चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या गेल्या नव्हत्या. मोठ्या, दुखऱ्या, पिकून बसणाऱ्या. आणि मान काळी, चामड्यासारखी जाडसर. नळावर बायका म्हणायच्या, हिला आंघोळीचा कंटाळा दिसतो. ते ऐकून रुक्मिणीने तिला मोरीत बसवून बेसन आणि लिंबाने मान घासली होती, घासून घासून रक्त येईपर्यंत, आणि शकूआत्या "वैनी, हळू गो" म्हणत तशीच बसली होती. दाराशी उभ्या असलेल्या लहानग्या अनुपमाला आठवतं ते एवढंच, की मळ निघत नव्हता. तो मळ नव्हताच, हे तिला आज कळत होतं. तेव्हा तिला वाटलं होतं, आत्याच्या आत काहीतरी काळं आहे आणि ते बाहेर यायला बघतंय. लहान मुलांना कधी कधी मोठ्यांच्या आधी कळतं आणि मग त्यांना ते विसरायला लावतात.

उष्णता, असं सगळे म्हणत. आई म्हणे, शेजारणी म्हणत, गावाहून आलेला कुणीही चेहऱ्याकडे एकदा पाहून म्हणे, पोरीच्या अंगात उष्णता हा. आणि उष्णतेवर औषध एकच. गावठी गुलाबांच्या पाकळ्या, त्यावर कुटलेली खडीसाखर, पुन्हा पाकळ्या, पुन्हा खडीसाखर, असे थर चिनीमातीच्या बरणीत भरायचे, तोंडाला फडकं बांधायचं आणि उन्हात ठेवायचं. रुक्मिणीच्या हातचा गुलकंद चाळीत नावाजलेला होता. बाळंतिणीला, पित्ताला, गोवर उतरल्यावर पोरांना, तोंड आलेल्याला, ज्याला त्याला तिच्या दारात वाटी घेऊन यावं लागे. ती बरणी जेवणाखाणाच्या फळीवर कधीच नसायची. ती असायची देवाशेजारच्या कोनाड्यात, सुंठ, वेखंड आणि मुरुडशेंग यांच्या सोबतीला. म्हणजे औषधांत. शकूआत्याला सकाळी अनशापोटी एक चमचा आणि संध्याकाळी दिवेलागणीला एक. पुढे अनुपमा न्हाती झाली, तिच्याही कपाळावर पुटकुळ्या उठल्या, आणि एक दिवस तोच चमचा तिच्यापुढे आला. संपात गिरणी गेली, परळची खोली विकली गेली, गुणाजी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत वॉचमन झाले, तिथेच सेक्टरमध्ये एका खोलीचं घर झालं, पण चमचा चुकला नाही. चारकोपला तर ऊन मुबलक. पत्र्यावर बरणी ठेवली की आई खालून दिवसातून चारदा बघायची.

पोटमाळ्यावर बसून तिने गाल भरले. कपाळ भरलं. हात चालत होता, रोजच्यासारखा, मऊ गोल फिरत. पण मानेपाशी पेन्सिल थांबली. ठिपका भरता येतो. पट्टा भरायला गेलं की तो चिखलासारखा दिसतो. चंद्रप्रकाशजींनी खांद्यावरून डोकावून पाहिलं. "मान राहू दे यार. प्रिंट करताना गळ्यापासून कापून टाकू. किसको पता चलेगा?" ते सहज बोलले, आणि त्यात त्यांचं काही चुकलंही नव्हतं, धंद्यात रोज असंच करतात. पण त्या रात्री तिला झोप लागेना. ती मानेवर बोटं फिरवत राहिली. त्वचा जाडसर, मऊ, मखमलीसारखी लागत होती. आपण नक्की कुणाची मान चाचपतोय ते तिला सांगता आलं नसतं. तिला भीती वाटली. साधी, लहानपणची, पांघरुणातली भीती. शकूआत्या चांगली होती, तिने कधी कुणाचं वाईट केलं नाही, तिला घाबरण्यासारखं काय आहे, असं ती स्वतःला समजावत होती आणि त्याच वेळी तिला पक्कं वाटत होतं की आत्या परत आलीये आणि आतून, हळूहळू, चेहऱ्याकडे सरकतेय.

आईला न सांगता ती म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात गेली, त्वचेच्या विभागात. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चष्मा सारखा नाकावर ढकलायच्या. त्यांनी चेहऱ्याकडे जेमतेम पाहिलं. "मान वळव," म्हणाल्या. मग काखेत पाहिलं, तिथेही तेच. मग विचारायला लागल्या ते भलतंच. पाळी नियमित येते का? मधे चार चार महिने जातात? वजन पोटावरच वाढतं का? हनुवटीवर केस येतात का? आणि शेवटी, घरात कुणाला साखरेचा आजार? अनुपमा म्हणाली, आत्याला होता. "हयात आहेत?" नाही, ती म्हणाली. बाईंनी रक्त तपासायला लावलं. कागद आल्यावर त्या म्हणाल्या की आजार अजून नाही, पण उंबरठ्यावर आहे. "तुला वाटतंय हे चार वेगवेगळे त्रास आहेत. पुटकुळ्या, काळी मान, पाळी, वजन. मला ते एकाच घरचे वाटतात. अंगात साखर जिरवणारा एक रस असतो, इन्सुलिन. तुझ्या अंगाला तो पुरेसा लागू पडत नाही, म्हणून अंग तो दुप्पट तिप्पट बनवतं. जास्तीचा झाला की त्याचे चाळे असे बाहेर दिसतात. बाहेरच्या देशांत यावर आत्ता आत्ता लिहायला लागलेत, आमच्यातलेच कित्येक मानत नाहीत. पण तू गोड बंद कर. चाल. वजन उतरव. चेहऱ्याचं मलम देते, पण मलमाने आतलं काही होणार नाही." मग त्या पुढच्या पेशंटकडे वळल्या. अनुपमाला उठताना एकदम हलकं वाटलं, अगदी हसू येईल इतकं. म्हणजे भूत नव्हतं. रस होता. भुताला नाव मिळालं की ते निम्मं होतं, असं तिला वाटलं, आणि तिथेच ती फसली.

चारकोपपर्यंतच्या बसमध्ये ती मनाशी ठरवत आली. चहा बिनसाखरेचा. स्टुडिओतली ग्लुकोजची बिस्किटं बंद. चंद्रप्रकाशजी मिठाई आणतात ती बंद. श्रीखंड, शिरा, केळं. घरी आली, हातपाय धुतले, देवापुढे दिवा लागला होता, आईने कोनाड्यातून बरणी काढली आणि चमचा पुढे केला. अनुपमाने आ केला आणि घेतला. जिभेवर पाकळ्यांचा तो लिबलिबीत, गार, चिकट गोळा. तिने तो अर्धा गिळला. आणि गिळता गिळता, फक्त तेव्हा, तिच्या जिभेला कळलं की हे गोड आहे. इतकी वर्षं ते औषधासारखं लागत होतं. आज पहिल्यांदा साखरेसारखं लागलं. ती तशीच तोंड मिटून उभी राहिली. बसमध्ये तिने बिस्किटंसुद्धा मोजली होती, आणि हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्या जर आलं नाही, शिकलेल्या, डॉक्टरीणबाईंचं आत्ताच ऐकून आलेल्या मुलीच्या, तर आईच्या कुठून येणार होतं? आणि मग सगळं परळ तिच्या अंगावर कोसळलं. शकूआत्याच्या पायाला चपलेचा अंगठा लागून झालेली जखम, ती चिघळली, मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तिथल्या डॉक्टरने आईला विचारलं, ही मोरीत लघवीला बसते तिथे मुंग्या लागतात का. लागतात, आई म्हणाली, मी रोज गरम पाणी ओतते. तेव्हा कळलं की साखर. घरी आणल्यावर आईने पथ्य इतकं कडक पाळलं की नावं ठेवायला जागा नाही. चहात साखर बंद, केळं बंद, बटाटा बंद, गणपतीत मोदक केले तेही शकूच्या नजरेस पडू दिले नाहीत. आणि सकाळ-संध्याकाळ, न चुकता, मायेने, गुलकंद. कारण उष्णता. कारण जखम भरत नव्हती, आणि जखम भरत नाही ती उष्णतेने. कारण बरणी औषधांच्या कोनाड्यात होती.

मोरीत जाऊन तिने उरलेला घास थुंकला. दुसऱ्या दिवशी घेतला आणि गालात धरून ठेवला, तोंड धुण्याच्या निमित्ताने थुंकला. असं रोजचं होऊन बसलं. सांगून टाकायचं, एवढं सोपं होतं ते. गुलकंद नको आई, मला साखर चालत नाही. पण त्या वाक्याच्या मागे दुसरं वाक्य उभं होतं, आणि आई काही बुद्दू नव्हती. पहिलं ऐकलं की दुसऱ्यापर्यंत ती एका पावलात पोचली असती. आईने आयुष्यात एकच माणूस असं सांभाळलं होतं की त्याबद्दल तिला स्वतःचा अभिमान होता. भावकीतल्या कुणी काही बोललं की ती म्हणायची, मी शकूला पोटच्या पोरीसारखी केली, विचारा गावात. ते तिच्याकडून काढून घ्यायचं? कशासाठी, तर मेलेलं माणूस उठून बसणार नाही, त्यासाठी? नाही सांगायचं, असं अनुपमाने ठरवलं. आपण थुंकत राहायचं. लग्न होऊन गेलो की चमचा आपोआप सुटेल. आणि रोज संध्याकाळी आ करताना तिला वाटायचं, आत्याने काय केलं असेल? हॉस्पिटलात साखर हा शब्द तिनेही ऐकला होता. ती काही खुळी नव्हती. तिच्या जिभेला नसेल का कळलं? कळलं असेल, आणि समोर वहिनीचा हात असेल. स्टुडिओत दुसऱ्या मुलींचे गाल भरताना तिला वाटायचं, यांच्याही घरी कुणीतरी प्रेमाने काहीतरी भरवत असेल.

रविवारी दुपारी गुणाजी ड्यूटीवर होते. अनुपमा ओले केस वाळवत दाराशी बसली होती, तेव्हा मोरीतून आईची हाक आली. नेहमीची हाक नव्हती ती. "अनू, हयसर ये." आई मोरीच्या काठाशी उकिडवी बसली होती, हातात गरम पाण्याचं पातेलं, पण पाणी ओतलेलं नव्हतं. न्हाणीच्या तोंडाशी, कोपऱ्यात, मुंगळ्यांची काळी रांग लागली होती. रुक्मिणीचा चेहरा उतरला होता. असा चेहरा अनुपमाने एकदाच पाहिला होता, परळला, हॉस्पिटलातून आल्यावर.

"ह्ये मुंगळे कित्याक इले?" आई म्हणाली. आवाज अगदी हळू. "तुका तान लागता रात्रीची? खरा सांग. पायाक खय लागला तर नाय मां?" आणि पातेलं बाजूला ठेवून ती मुलीला खाली बसवून तिचे तळपाय उलटेपालटे करून बघू लागली, बोटांच्या बेचक्यांतून, टाचांवरून.

"आई, सोड. तसलं काही नाही गं. तो गुलकंद आहे. मी इथे थुंकते."

रुक्मिणीने वर पाहिलं. तिच्या जिवात जीव आलेला स्पष्ट दिसला. "थुंकतंस? मगे सांगूचा नाय? इटलो काय तो?"

विटला, म्हणायचं होतं. आईनेच वाट काढून दिली होती, फक्त मान हलवायची होती. अनुपमाने ती हलवलीही असती. पण विटला म्हटलं तर आई आजच्या आज बरणी घासून उन्हात पालथी घालणार, उद्या फुलवाल्याकडे जाणार, आणि परत थरावर थर. ते कधी थांबणार नव्हतं. आपण एखाद दिवशी कंटाळून गिळणार, मग रोज गिळणार. तिला जगायचं होतं. हे इतकं उघडं, इतकं आपमतलबी तिला कधी वाटलं नव्हतं. आत्यासारखं मरायचं नाहीये मला, एवढंच तिच्या मनात आलं.

"विटला नाही," ती म्हणाली. "त्यात साखर असते. मी डॉक्टरांकडे गेले होते. माझ्या अंगाला साखर चालत नाही. हे तोंडावर येतं ना, तेसुद्धा त्यानेच असेल, म्हणाल्या."

"ता औषध आसा."

"अर्धी बरणी खडीसाखर असते, आई. तूच घालतेस."

रुक्मिणी मुंगळ्यांकडे बघत राहिली. अनुपमा वाट पाहत होती, आणि ते पाऊल पडलेलं तिला दिसलं. आईच्या ओठांची हालचाल झाली, आधी नुसतीच, मग शब्द आले. "चायतली साखर बंद केलंय मी. केळा बंद केलंय. मोदक लपवून ठेवलंय." ती हातावर मोजल्यासारखं बोलत होती. "आणि ह्यो..." बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. "शेवटाशेवटाक ती तोंड फिरवी. माका वाटला, माझ्यार रागावली, पट्टी जोरात सोडलंय म्हणान. मी हनवटी धरून भरवलंय तिका. घट्ट धरून. दोन्ही येळ."

अनुपमाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो खांदा दगडासारखा होता. तुला माहीत नव्हतं आई, कुणालाच माहीत नव्हतं, डॉक्टरांनाही, असं सगळं ती बोलली, आणि ते खरंही होतं, पण त्यातलं काही आत शिरत नव्हतं. मग रुक्मिणीने मान वर केली आणि मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओले केस, जबड्याखालचे फोड, गळ्याशी उघडा पडलेला काळा पट्टा. ती बघत राहिली, आणि बघता बघता तिची नजर बदलली. ती आता अनुपमाकडे बघत नव्हती.

"तुया माका सांगूक कित्याक नाय गो?" रुक्मिणी म्हणाली. "सगळा सांगी हुतंस. ह्या एक कित्याक नाय सांगलंस?"

अनुपमाला उठून जावंसं वाटलं. आई, मी आहे, असं ओरडावंसं वाटलं. तिने तोंड उघडलं. घरात ती कधी मालवणी बोलत नसे, आई बोलली तरी उत्तर मुंबईच्या भाषेत द्यायची. पण ओठांवर आलं ते मालवणी, आणि आवाजही तिला परका लागला नाही.

"तुका वायट वाटला असता, वैनी."